कॅसेटची दुसरी बाजू

चेहऱ्याला पॅक लावून बसलेल्या बाईला बोलता येत नाही आणि उठून जाताही येत नाही. माझ्या सासऱ्यांनी हे बरोबर हेरलं होतं. मखमलाबाद रोडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. गिऱ्हाईक खुर्चीत आडवं झालं आणि मी मुलतानी मातीचा थर दिला, की मधल्या पडद्यामागून बाबांचा आवाज यायचा, “मंजुषा, कोण आलंय गं? त्यांना हळदीपूरकरबाईंची तोडी ऐकवू का जरा?” गिऱ्हाईक डोळ्यांवर काकडी ठेवून ‘हं’ म्हणायचं. ते ‘हं’ म्हणजे हो की नको, याची चौकशी बाबांनी कधी केली नाही.

बाबा म्हणजे रावजी विधाते. सारी नोकरी पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, मशीन ऑपरेटर म्हणून झाली. द्राक्षांचा सीझन आला की रात्रभर कंप्रेसरजवळ बसायचं, काट्यांवर लक्ष ठेवायचं. मशीन बंद पडलं तर आत लोकांचा माल खराब होणार, म्हणून डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. गाण्याचं वेड त्यांना तिथंच लागलं. मालकाच्या भावाने मुंबईला जाताना एक टेप आणि खोकंभर कॅसेटी टाकून दिल्या होत्या. जागं राहायला काहीतरी हवं, म्हणून बाबांनी त्या लावल्या. थंडाव्यासाठी अमोनिया फिरवणारा कंप्रेसर एका सुरात घुमायचा आणि गाणारा त्या सुरात बसला की बाबांच्या अंगावर काटा यायचा. “लोकांचा तंबोरा भोपळ्याचा असतो, माझा अमोनियावर चालायचा,” असं ते सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

निवृत्त होऊन नाशिकला आल्यावर त्यांच्या हातात मोबाइल आला आणि मग शहराची सुटका राहिली नाही. रोज सकाळी त्यांचा आवाजी निरोप जायचा. भाजीवाली, गॅसवाला, महेशच्या ऑफिसातले लोक, माझी गिऱ्हाइकं, सगळ्यांना. महेश म्हणजे माझा नवरा. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तो लाजायचा, पण लोक मात्र ऐकायचे, कारण बाबांचं सांगणंच तसं असायचं.

“घाईत असाल तर मारवा लावू नका,” ते सांगायचे. “मारवा म्हणजे एस.टी. चुकलेला माणूस. दिवस मावळला, फलाटावर कोणी नाही, पुढची गाडी आहे का नाही तेही ठाऊक नाही. वाजिद हुसेन खाँसाहेब तसं बसवून ठेवतात. जीव कासावीस होतो, पण उठवत नाही.”

शुद्ध कल्याण म्हटलं की ते दोन गायक समोरासमोर बसवायचे. “राग एकच. पण खाँसाहेब पाहुण्यासारखे येतात. बसतात, पाणी मागतात, पिकापाण्याचं विचारतात, मग हळूच विषय काढतात. हळदीपूरकरबाई उंबऱ्यातूनच मुद्द्याला हात घालतात. आधी बाईंचा ऐका. मग खाँसाहेबांचा ऐका, म्हणजे कळंल की थांबण्यातपण गाणं असतं.”

निकिता नावाची एक मुलगी लग्नाआधीच्या फेशियलला आली होती. तिला पडद्यामागून सल्ला मिळाला की दत्तोपंत म्हैसाळकरांचा केदार ऐक. “बुवांनी लय एवढी धीमी धरलीय की तबलजी मध्ये जांभई देऊन आला असंल. पण पोरी, सम चुकत नाही. ज्याला घाई नाही आणि जो वेळेवर येतो, त्याच्याशी लग्न करावं.” ती मातीच्या पॅकखाली हसली आणि तिच्या गालाला तडा गेला. मला सगळा थर पुन्हा द्यावा लागला.

एक खोड मात्र वाईट होती. चुकीचं कानावर पडलं की त्यांना राहवायचं नाही. टीव्हीवरच्या निवेदिकेला ते घरात बसून दुरुस्त करायचे. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी आरतीचा सूर वर धरला तर आरती थांबवून खाली आणायचे. माझ्या माहेरी, सिन्नरला, माझ्या चुलत्यांनी हौसेने म्हटलेल्या भजनाला “राग मिसळला तुमचा” म्हणून सांगून आले. चुलते अजून ते विसरलेले नाहीत.

घरात त्यांची डाळ शिजायची नाही ती एकाच ठिकाणी. माझ्या सासूबाई, नवसाबाई. त्यांचं माहेर सटाण्याकडचं. अंगात शेतातला कणखरपणा, आणि राग आला की तोंडात अहिराणी. बाबांनी टेप लावला की आतून यायचं, “बंद करा ते आ-ऊ! कुकरची शिट्टी ऐकू येत नाय.” बाबा म्हणायचे, “अगं, ऐक तरी.” आई म्हणायच्या, “मला कामं हायेत.” मराठीत ऐकवणे या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि आमच्या घरात दोन्ही नांदत होते. बाबा गावाला ऐकवायचे आणि आई बाबांना.

गायकांची नावंही आई घेत नसत. त्यांची त्यांची नावं होती. वाजिद हुसेन खाँसाहेब गाण्याआधी दर वेळी खाकरतात, म्हणून ते खोकलेबुवा. हळदीपूरकरबाई दळणवाली, कारण त्यांचा आवाज जात्यासारखा गोल फिरतो. दोन बहिणींची एक जुगलबंदी होती, त्यांना आई भांडणाऱ्या जावा म्हणायच्या. बाबांना या नावांचा संताप यायचा. मला वाटायचं, ज्याला काहीच आवडत नाही त्याला इतकी नावं कशी सुचतात? पण वाटून सोडून दिलं. मला गिऱ्हाइकं असतात.

गेल्या हिवाळ्यात बाबांनी नवीन स्पीकर आणला. आठवड्याभरात तो बिघडलाय म्हणून परत केला आणि दुसरा आणला. मग म्हणायला लागले की आजकाल रेकॉर्डिंग नीट होत नाहीत, तंबोऱ्याच्या तारा कापून टाकतात, तार सप्तक बोथट करतात. आवाज एवढा मोठा असायचा की गल्लीतली कुत्री उठून जायची. मी चिडचिड केली, पण संशय आला नाही. ज्याच्या कानावर सगळा गाव विसंबून आहे, त्याच्या कानावर आपण कसा संशय घेणार?

मग एक दिवस शेखरचा फोन आला. शेखरचं पंचवटीत औषधांचं दुकान आहे आणि रविवारी तो काही लोकांना जमवून गाणी ऐकवतो. बाबांना गुरू मानतो. फोन त्यांना न करता मला केला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे.

“वहिनी, काकांनी आज सकाळी जी तोडी पाठवली ना, त्यावर हळदीपूरकरबाईंचं नाव आहे, फोटो आहे, पण गाणं त्यांचं नाहीये. कोणीतरी चुकीचं चढवलंय नेटवर. असं होतं कधी कधी. पण काकांनी त्यावर सांगितलंय की बाईंचा आवाज या मैफलीत विशेष लागलाय.” मग त्याने हळूच विचारलं, “काकांना कळलं कसं नाही?”

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभं राहून माझ्या फोनवर ती तोडी लावली. मला त्यातलं काय कळणार? आई परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या. पाठमोऱ्याच होत्या. थोडं वाजलं आणि त्या म्हणाल्या, “कोण गं ही?”

“हळदीपूरकरबाई. दळणवाली.”

“हट्! ही ती बाई नही शे.” आईंनी हात झटकले. “दळणवाली एकदा बसली का पायली संपवूनच उठती. ही मूठभर दळती आन् उसासा टाकती. खुंटा ढिला हाय हिच्या जात्याचा.”

एवढं बोलून परातीकडे परत नेलेला त्यांचा हात थबकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बाबांना कळलं नाही ते कशामुळे, हे आम्हा दोघींना एकदमच समजलं.

सांगायचं कोणी? मी तोंडाची फटकळ आहे, पण त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. सांगितलं आईंनीच, जेवणाचं ताट समोर ठेवताना. “तुम्हाला ऐकू येत नाय आता. डॉक्टरकडं चला.” बाबा ताटावरून उठले. मशीनमध्ये दोष आहे, फोनमध्ये दोष आहे, तुला गाण्यातलं काय कळतं, असं बरंच बोलले. आई एरवी चार शब्दांना आठ ऐकवतात, पण तेव्हा गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या म्हणूनच बहुतेक बाबांना खरं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज ऐकू येणं गेलेलं आहे. इतकी वर्षं कंप्रेसरशेजारी काढली, त्याच्या घरघरीने कान हळूहळू खाल्ले. बोलणं समजावं म्हणून कानातलं मशीन दिलं. घरी येताना रिक्षात बाबा खुशीत होते, कारण रिक्षावाल्याचं बोलणं त्यांना किती दिवसांनी स्वच्छ ऐकू आलं होतं. घरी आल्या आल्या त्यांनी खाँसाहेबांचा मारवा लावला. मी दारातून बघत होते. त्यांचा चेहरा आधी उत्सुक होता, मग गोंधळला, मग लहान मुलाच्या हातून खेळणं फुटावं तसा झाला.

“तंबोऱ्याच्या जागी मिक्सर लावलाय कोणी,” ते म्हणाले. “आणि खाँसाहेब पत्र्याच्या डब्यातून बोलतात.”

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मशीनचे आकडे बदलून पाहिले. शेवटी सरळ सांगितलं की हे यंत्र बोलण्यासाठी आहे, गाणं पूर्वीसारखं येणार नाही. बाबांनी घरी येऊन मशीन डबीत ठेवलं आणि डबी देवघराच्या फळीवर. दुसऱ्या दिवशी सकाळचा निरोप गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाजीवालीने दारात विचारलं, “बाबा बरे हायेत ना?” पार्लरमध्ये बाया पॅक लावून पडून राहायच्या आणि पडद्यामागून काहीच यायचं नाही. मला ते सहन होईना. ज्या आवाजावर मी इतकी वर्षं वैतागले, त्याच्यासाठी मी चक्क रडले, तेही वॅक्सिंगचं भांडं हातात घेऊन.

मग बाबांनी जाहीर केलं की सगळ्या कॅसेटी शेखरला द्यायच्या. “ज्याला ऐकू येतं त्याच्याकडं असाव्यात.” महेशने समजावलं, मी भांडले. ते ऐकेनात. मला भीती कॅसेटींची नव्हती. हा माणूस गाण्यावर जगलेला आहे. गाणं घरातून गेलं तर मागे खुर्चीत नुसता बसलेला म्हातारा उरेल, याची मला भीती वाटत होती.

सोमवारी पार्लर बंद असतं. त्या दुपारी शेखर आला. बाबांनी द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांमध्ये कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. एकेक हातात घेऊन शेखरला सांगत होते, ही जपून वाजव, हिची फीत सैल आहे, हिच्यातला तबलजी पुढे मोठा झाला. मशीन कानात नव्हतं, म्हणून फार मोठ्याने बोलत होते. आई शेजारी बसून पदराने प्रत्येक कॅसेट पुसून पेटीत ठेवत होत्या. एक त्यांनी पुसली आणि मांडीखाली सरकवली.

बाबांनी पाहिलं. “ती काय ठेवली?”

“ही नाय जायची,” आई म्हणाल्या. बाबांना ऐकू आलं नाही, तशा त्या उठल्या, फळीवरची डबी आणली आणि त्यांच्या हातात दिली. “मशीन घाला आधी. मला बोलायचंय.”

बाबांनी मशीन घातलं आणि ती कॅसेट डोळ्यांजवळ धरली. “विमल कारवारकर? अगं, ही ठेवून काय करायची? जौनपुरी गायलीय. सूर स्वच्छ, पण डोकं नाही. मी आजवर कोणाला सांगितली नाही ही.”

“मागली बाजू ऐकली का तुम्ही हिची?”

“ऐकली असंल की.”

“नाय ऐकली. तुम्ही एकाबी कॅसेटची मागली बाजू ऐकली नाय घरात.” आई आता जमिनीवर नीट मांडी घालून बसल्या. “सीझनला रातपाळी करून यायचे तुम्ही. चहा प्यायचा, टेप लावायचा आन् ती बाई दोनदा आ म्हणंपर्यंत घोरायचे. मी टेप बंद केला का दचकून उठायचे. ‘मशीन बंद पडलं, मशीन बंद पडलं’ म्हणून पायात चपला घालायचे. दोनदा तर रस्त्यापर्यंत गेले. म्हणून मी चालूच ठेवायची. एक बाजू सरली का उलटी करून घालायची. झोप व्हायला पायजे ना माणसाची.”

शेखर हातात पेटी उचलून तसाच उभा होता.

“पण तुला आवडत नव्हतं ना हे?” बाबांनी विचारलं.

“कोण म्हणलं? तुम्ही कधी इचारलं? नुसतं ऐक, ऐक. दुसऱ्यांदा ऐकायला मला वेळ कुठं होता? माझं तर सकाळीच ऐकून झालेलं असायचं.” मग त्या जरा लाजल्या. त्या वयाची बाई लाजते तेव्हा बघवत नाही, इतकी सुंदर दिसते. “ही मला लय आवडती. शेवटाला एक लहानसं गाणं हाय. आपलंच हाय ते.”

“आपलं?”

मी टेप लावला. कारवारकरबाई गायला लागल्या. भैरवीतली ठुमरी होती. आम्हाला ऐकू येत होतं आणि बाबा मान हलवत होते, नाही, काही नाही, पत्रा खरवडतोय नुसता. आईंनी टेप बंद केला. सरकत त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि गायला लागल्या. लग्नात हळदीच्या ओव्या सोडल्या तर मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. सूर जात्यावरचा होता, शब्द सटाण्याच्या वळणाचे झाले होते, पण एकही गाळलेला नव्हता.

“नैनन लाली लेके आये, भोर भये घर मोरे, कौन नगर में रैन गँवाई…”

दोनदा म्हणून त्या थांबल्या. मग बाबांना समजावून सांगायला लागल्या, जसं ते जगाला सांगत आले तसं. “तो पहाटं घरी आलाय. डोळे लाल झालेत जागून. रातपाळी करून आलाय बिचारा. ती इचारती, रात कुठं काढली, नगरला का? तुम्हाला नव्हतं का पाठवलं मालकानं एक सीझन नगरच्या कोल्ड स्टोरेजला? महेश पोटात होता तवा. मी दाराकडं बघत बसायची. तवाच ही कॅसेट नवी होती. मला वाटायचं, त्या बाईला कोणी सांगितलं असंल आपलं?”

मी घाईने बाबांकडे पाहिलं. कारण अशा ठुमऱ्यांचा अर्थ बाबांनीच पडद्यामागून माझ्या गिऱ्हाइकांना कितीदा समजावला होता. पुरुष सवतीकडे रात्र काढून पहाटे घरी येतो. डोळे लाल असतात ते त्या जागरणाने. आणि ‘कौन नगर’ म्हणजे कुठल्या गावी, कोणाच्या घरी, असा तो टोमणा असतो. नगर जिल्ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मला ठाऊक होतं, शेखरला ठाऊक होतं आणि बाबांना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

आईंनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्ही जाणकार. मला काय कळतंय त्यातलं? पण बरोबर हाय ना माझं? नगरचीच ना ती गोष्ट?”

शेखर भला मुलगा आहे, पण शिष्य कोणाचा! त्याने तोंड उघडलंच. “काकू, ते नगर म्हणजे—”

बाबांनी हात वर केला. डोळ्यांतलं पाणी पुसायचं सुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

“शेखर, ती पेटी खाली ठेव,” ते म्हणाले. “नगरच हाय ते. रातपाळीचीच ठुमरी हाय. मीच पुरती ऐकली नव्हती.”